सफरचंद वाळायला किती वेळ लागतो

आवाज कुठून येतोय म्हणून इकडे तिकडे बघू नका. मीच बोलतोय, फळं-भाज्या वाळवणारं यंत्र. माझ्या खोक्यावर कंपनीने 'फूड डिहायड्रेटर' असं भारदस्त नाव छापलं होतं, पण ते घरात कोणाच्या जिभेवर बसलं नाही. घरात माझं नाव फुंक्या. नावावरून मी विड्या ओढतो असा समज करून घेऊ नका. माझ्या पाठीत एक पंखा आहे, एक तापणारी तार आहे आणि पोटात जाळीच्या पाच ताटल्या आहेत. तार तापते, पंखा फुंकतो आणि ताटल्यांमधल्या फळांचं पाणी हळूहळू उडून जातं. एवढंच माझं काम. पण या कामापायी मी दिवसदिवस स्वयंपाकघरात बसलो, आणि स्वयंपाकघरात बसणाऱ्याच्या कानावर काय काय पडतं ते तुम्हाला सांगायला नको. मला कोणी भोचक म्हणालं तरी चालेल. कान झाकायला मला हात कुठे आहेत?

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. तिथे शेवटच्या टेबलावर एक मुलगी बसायची. तिने माझ्या तोंडासमोर तळहात धरला, 'फुंकतोय की!' म्हणाली आणि पाठीवर चिकटपट्टी मारली. आयुष्यातली पहिली शाबासकी ती.

माझा पहिला मालक पहिलवान होता. म्हणजे व्हायचं ठरवून बसला होता. रोज आरशासमोर दंड फुगवायचा. त्याने अकरा दिवस माझ्यात कोंबडीच्या मांसाच्या पट्ट्या वाळवल्या, बाराव्या दिवशी त्याला त्या चावून कंटाळा आला आणि तेराव्या दिवशी मी माळ्यावर गेलो. पुढची दोन वर्षं मी, एक तुटकी सुटकेस आणि त्याचा जुना डंबेल्सचा जोड, असे तिघे धूळ खात होतो. ते डंबेल्ससुद्धा माझ्यासारखेच, पहिल्या उत्साहाचे बळी.

घर बदलायची वेळ आली तेव्हा पहिलवानाने मला बखोटीला मारलं आणि कोपऱ्यावरच्या लाँड्रीत नेऊन ठेवलं. "मावशी, हे तुमच्या कामाचं आहे. वाळवायचं यंत्र आहे," म्हणाला आणि गेला.

लाँड्रीवाल्या मावशी म्हणजे पन्नाशीच्या पुढच्या बाई. पुढे दुकान, मागे घर. हात सतत चालू आणि त्याहून तोंड. त्यांची पहिली गोष्ट मी पाहिली ती लाथ. दुकानाचं दार चौकटीत अडकायचं. मावशींनी पदर खोचला, मला एका काखेत धरलं होतं तरी दाराच्या खालच्या कोपऱ्यावर नेमकी लाथ हाणली आणि दार धाडकन उघडलं. मला वाटलं, बाई तापट दिसतात. नंतर कळलं, ती लाथ तीस वर्षांची होती. गिऱ्हाइकांनाही पाठ झाली होती. आणि गंमत अशी की मावशींचे यजमान सुतार! गल्ली हसायची, दिव्याखाली अंधार म्हणायची. सुतारकाका मात्र शांतपणे सांगायचे, "दाराचा दोष नाही. हिच्या इस्त्रीच्या वाफेने फुगतं ते."

मावशींनी मला घरात नेलं, ताटल्या पुसल्या आणि 'वाळवायचं यंत्र' या शब्दावर विश्वास ठेवून माझ्यात गिऱ्हाइकांचे नऊ रुमाल आणि चार जोड मोजे घातले. काटा सरळ सत्तर अंशांवर. खरं सांगतो, रुमाल झकास वाळले. मोज्यांबद्दल मी काही बोलणार नाही.

संध्याकाळी सुतारकाका घरी आले. त्यांनी माझ्या खोक्यातलं माहितीपुस्तक चष्मा लावून वाचलं आणि मग ते जे हसायला लागले ते थांबेचनात.

"अगं, हे खाण्याचं आहे!"

"काय खायचं? रुमाल?"

"फळं वाळवायची असतात याच्यात. भाज्या."

मावशी जराही वरमल्या नाहीत. "मग त्याने सांगायला नको का? वाळवायचं म्हटलं की आम्ही कपडेच वाळवणार. तुम्हाला दिलं असतं तर तुम्ही फळ्या कोंबल्या असत्या."

काकांनी माझ्या ताटल्या साबणाने तीनदा घासल्या. मोज्यांच्या आठवणी पुसून टाकल्याबद्दल मी त्यांचा जन्माचा ऋणी आहे.

त्या दिवसापासून घरात दोन पक्ष पडले. मावशींचं सगळं आयुष्य कपडे वाळवण्यात गेलेलं. त्यांचा नियम एकच, आच मोठी करा, वारा मोठा करा, वाळलं की उचला. काकांचं आयुष्य लाकडात गेलेलं. ते म्हणायचे, "वाळणं आतून बाहेर होतं. घाई केली की वरचं कातडं आवळतं आणि पाणी आत कोंडतं. मग दिसायला कोरडं, पोटात ओलं." लाकडाचा तुकडा ते वजनकाट्यावर ठेवायचे, कानामागची पेन्सिल काढून आकडा लिहायचे, दुसऱ्या दिवशी पुन्हा ठेवायचे. वजन उतरायचं थांबलं की लाकूड वाळलं. आता तेच ते सफरचंदाच्या कापांना करू लागले.

"सफरचंद आहे ते, सागवान नाही," मावशी म्हणायच्या.

"पाणी ते पाणीच," काका म्हणायचे.

सुरुवातीचे दिवस मजेचे होते. दिसेल ते माझ्या पोटात जायचं. केळ्याच्या चकत्या वाळून चिवट गोड झाल्या, चघळता चघळता काकांची कवळी निघून आली. टोमॅटोचे काप लालभडक, आंबट-गोड झाले आणि इतके आकसले की चार किलो टोमॅटो एका बरणीत मावले. पालक वाळून कुरकुरीत झाला, चुरला की हिरवी पूड. कांदा घातला त्या दिवशी शेजारच्या वहिनी वाटीभर साखर मागायच्या निमित्ताने डोकावून गेल्या. त्यांच्या घरात साखरेची गोणी आहे हे सगळ्या गल्लीला ठाऊक. "नाही, डोळ्यातून पाणी यायला लागलं म्हणून म्हटलं कोणी गेलं-बिलं का," म्हणाल्या, आणि जाताना केळ्याच्या मूठभर चकत्या घेऊन गेल्या. दुसऱ्या दिवशी स्वतःहून अळंबीची टोपली घेऊन आल्या. अळंबी वाळली की तिचा वास दुप्पट होतो, हे आम्हाला सगळ्यांना तेव्हा कळलं.

चुकाही झाल्या. मावशींनी अर्धं कलिंगड घातलं. पाच ताटल्या गच्च भरल्या होत्या, दिवसभर फुंकून संध्याकाळी माझ्या जाळीवर कागदासारख्या गुलाबी पट्ट्या उरल्या, सगळ्या मिळून एका मुठीत मावतील एवढ्या. मावशी बघत राहिल्या. "बाकीचं कलिंगड कुठे गेलं हो?" काका म्हणाले, "हवेत." ती मूठ खाल्ली मात्र दोघांनी भांडून.

हे सगळं हौसेचं होतं, तोवर ठीक होतं. मग भिंगरी घरी आली.

भिंगरी त्यांची एकुलती एक लेक. लहानपणापासून एका जागी बसत नाही म्हणून हे नाव. ती हवामानखात्यात. डोंगराच्या अगदी माथ्यावर एक केंद्र आहे. तिथे बर्फाच्या दिवसांत सहा महिने चार माणसं राहतात आणि वारा, बर्फ, थंडी मोजून खाली कळवतात. वाट बंद झाली की वर काही जात नाही. गेल्या मोसमात ती डब्यातलं खाऊन राहिली आणि परत आली ती नऊ किलो उतरून. हिरड्यांतून रक्त, तोंडात फोड. मावशींनी दारात तिला पाहिलं आणि हातातलं काम टाकून तिच्या खांद्यावरची पिशवी ओढून घेतली.

खात्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, यंदा वर जायचं तर जा, पण दर महिन्याला वजन कळवायचं. पन्नास किलोच्या खाली गेलीस की पहिल्या संधीला खाली आणू आणि पुढे कायमचं कचेरीतलं टेबल. भिंगरीला टेबल म्हणजे तुरुंग. ती ओट्यावर पाय हलवत बसली होती, माझ्याच शेजारी.

"आई, वर खेचरांवरून सामान जातं. माणशी बाराच किलो स्वतःचं नेता येतं. बारा किलोत ताजी भाजी किती येणार? आठ दिवसांची."

"मग जाऊच नको ना," मावशी पटकन म्हणाल्या.

"आई."

मावशींनी तिच्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. "कलिंगड," त्या एकदम म्हणाल्या. "अहो, अर्धं कलिंगड मुठीत मावलं होतं ना?"

झालं. त्या दिवसापासून मला उसंत नाही. गाजर, मटार, फरसबी आधी गरम पाण्यातून काढून. सफरचंदाचे काप लिंबाच्या पाण्यातून, काळे पडू नयेत म्हणून. अननस, लाल भोपळा. शिजवलेला भात मोकळा करून वाळवला, शिजवलेली डाळ वाळवली, वर गरम पाणी ओतलं की जेवण तयार. लिंबाच्या चकत्या चहात टाकायला. पुदिना चाळीस अंशांच्या आत, नाहीतर त्याचा वास निघून जातो. पिकलेल्या फळांचा गर कागदावर पातळ पसरला आणि त्याच्या गुंडाळ्या केल्या. प्रत्येक पिशवीला मावशींनी लाँड्रीची कापडी चिठ्ठी टाचली, न जाणाऱ्या शाईने लिहिलेली. गिऱ्हाइकांच्या सदऱ्यांना लावतात ना, तीच. 'गाजर. अर्धी मूठ. दहा मिनिटं भिजव.' काका मात्र प्रत्येक वाळलेली गोष्ट आठवडाभर काचेच्या बरणीत ठेवायला लावायचे आणि रोज बरणी हलवायला लावायचे. आतून काचेवर धुकं धरलं तर समजायचं, अजून पाणी आहे.

शिवाय ते एक पेटीही करत होते. पातळ लाकडाची, आत खण, कोपरे एकात एक बसवलेले, एक खिळा नाही. खेचराच्या पाठीवर नीट बसेल अशी. संध्याकाळी त्यावर हात फिरवत बसायचे. लेकीला तोंडाने काही म्हणायचे नाहीत, पेटीला पॉलिश करायचे.

निघायला आठ दिवस होते. शेवटची दोन मोठी वाळवणं राहिली होती, सफरचंद आणि टोमॅटो. रविवारी सकाळी भिंगरीला फोन आला. बर्फ लवकर पडणार. गाडी मंगळवारी पहाटेच निघणार.

मावशींनी कागद काढून हिशेब केला नाही. त्यांनी सरळ सुरी काढली. काका कामावर गेले होते, एका घरी जिना बसवायचा होता. मावशींनी सफरचंदाचे काप केले, टोमॅटोचे केले, माझ्या पाचही ताटल्या भरल्या. मग त्यांचा हात माझ्या काट्यावर आला. नेहमी काकांनी ठरवून दिलेल्या सत्तावन्न अंशांवर थांबणारा हात थांबला नाही. सत्तर.

मी ओरडलो असतो हो. पण मला येतं काय, तर फुंकणं. मी फुंकत राहिलो. साडेतीन तासांत काप टणक झाले, बोटाने वाजवले तर टकटक आवाज येईल असे. मावशी खूश. पी हळद नि हो गोरी! बरण्या भरल्या, झाकणं लावली.

काका संध्याकाळी आले. एका बरणीवर टिचकी मारली. "एवढ्यात झाली? कधी लावली होतीस?"

"सकाळी तुम्ही बाहेर पडलात ना, लगेच."

"किती वर?"

"नेहमीच्याच वर," मावशी म्हणाल्या आणि भांडी घासायला वळल्या. स्वच्छ घासलेली भांडी त्या पुन्हा घासत होत्या, हे मी पाहिलं.

सोमवारी सकाळी मावशी आल्या, खिडकी उघडली. ऊन थेट बरण्यांवर पडलं. सफरचंदाच्या बरणीच्या काचेवर आतून धुकं होतं. टोमॅटोच्या बरणीवर तर थेंब.

मावशी बरणी हातात धरून उभ्या राहिल्या. मी त्यांचं तोंड समोरून पाहत होतो, म्हणून सांगतो. पहिल्यांदा त्या घाबरल्या. आणि मग, अगदी क्षणभर, तोंडावर दुसरंच काहीतरी आलं. जणू कोणी कानात सांगितलं, आता ही वर फार दिवस टिकायची नाही, खाली आणतील. राहील इथेच. टेबलावर काम करील, संध्याकाळी घरी जेवायला येईल.

त्यांनी बरण्या पिठाच्या डब्याच्या मागे सारल्या आणि दुकानात गेल्या. दाराला लाथ बसल्याचा आवाज मला मागच्या घरात ऐकू आला. रोजच्याहून जोरात.

मला बरं वाटलं नाही. आईच्या मनाला नावं ठेवणारा मी कोण, मला तर मूल नाही. पण सहा महिन्यांचं खाणं त्या दोन बरण्यांवर टेकलेलं होतं. फळांमध्ये सगळ्यात जास्त तीच तर होती.

दुपारी भिंगरी स्वयंपाकघरात फोनवर बोलत होती, केंद्रावरच्या तिच्या साहेबांशी. मावशी मागे कपड्यांच्या घड्या घालत होत्या.

"नाही साहेब, यंदा वजनाची काळजी नको... हो हो, सगळं घरचं... नाही, पुन्हा तपासायची गरज नाही." मग ती हसली. "अहो, आईने वाळवलंय. आईने वाळवलं म्हणजे वाळलंच."

मावशींच्या हातातली चादर अर्धी घडी होऊन राहिली. त्यांनी ती तशीच खाली ठेवली. पिठाचा डबा सरकवला आणि बरण्या ओट्यावर आणून ठेवल्या, उन्हात, लेकीच्या समोर. फोन संपेपर्यंत त्या उभ्या होत्या. सुतारकाकाही पेटीचं झाकण घेऊन आत आले होते.

"अहो, मी खोटं बोलले," मावशी म्हणाल्या. "सत्तरवर ठेवलं होतं. साडेतीन तास. आणि सकाळी धुकं बघितलं तरी लपवून ठेवलं. मला वाटलं..." पुढे त्यांनी काय वाटलं ते सांगितलं नाही. पण त्या दोघांना कळलं. एका घरात राहणाऱ्यांना काही गोष्टी सांगाव्या लागत नाहीत.

भिंगरीने आईचा हात धरला. काकांनी बरणी उघडली, एक काप घेतला आणि मधोमध मोडला. वर टणक, आत चमकतंय ओलं. मला वाटलं, आता सुतारकाकांचं व्याख्यान सुरू होणार. काका खुर्चीवर बसले आणि कानामागची पेन्सिल काढून उगाच फिरवत राहिले.

"दुकानाचं दार," ते म्हणाले.

"दाराचं काय?"

"माझं पहिलं दार ते. लग्नाआधी तुझ्या दुकानाला करून दिलं. तुझ्यावर छाप पाडायची होती. लाकूड ओलं होतं, मला दम नव्हता. भट्टीवर घाईने वाळवून घेतलं. वरून खडखडीत दिसत होतं. वर्षभरात पीळ पडला."

मावशी हळूहळू त्यांच्याकडे वळल्या. "म्हणजे माझ्या इस्त्रीच्या वाफेने नाही?"

"नाही."

"तीस वर्षं तुम्ही गल्लीला सांगताय, हिच्या वाफेने."

"हो."

"आणि तीस वर्षं मी रोज सकाळी लाथ मारतेय ती..."

"माझ्या घाईला," काका म्हणाले.

मग भिंगरीच्या नाकातून हसू फुटलं, आणि मावशी पदर तोंडाला लावून जमिनीवरच बसल्या. हसत होत्या का रडत होत्या, ते मला वरून कळलं नाही. दोन्ही असावं.

"बरं, पण आता?" काकांनी डोळे पुसत विचारलं. "उद्या पहाटे गाडी. हळू वाळवायला दहा-बारा तास तरी हवेत, वर बरणीचे आठ दिवस."

"फुंक्याला माझ्याबरोबर द्या," भिंगरी म्हणाली.

मी पंखा चालू नसताना थरथरलो.

"वर वीज वाऱ्यावर चालते. वारा तर तिथे उतू जातो. पोचले की पुन्हा लावते, सत्तावन्नवर, बाबा म्हणतात तसं."

वजनकाटा आला. माझं वजन चार किलो. वाळवलेलं सगळं सात किलो. पेटी अडीच किलो. काकांनी झाकणाच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने बेरीज केली. साडेतेरा. त्यांनी पुन्हा बेरीज केली. आकडे काही सुताराचं ऐकत नाहीत.

काका पेटीकडे पाहत राहिले. एक खिळा नसलेले ते कोपरे. मग उठले, माझ्या ताटल्या एकेक ओढून बाहेर काढल्या, त्यांवर पिशव्या रचल्या आणि पुन्हा सरकवल्या. पाच ताटल्या, पाच खण. "हीच पेटी," ते म्हणाले. "माझी इथे राहील. तू परत आलीस की तुझ्या पुस्तकांना." जे मावलं नाही ते पिशवीत गेलं. मावशींनी मला लाँड्रीतल्या जाड चादरीत असं काही गुंडाळलं की मी हलता हलत नव्हतो. वरून एक चिठ्ठी टाचली. न जाणाऱ्या शाईने लिहिलं होतं, 'फुंक्या. परत करणे.'

डोंगर चढताना मी खेचराच्या पाठीवर तीन दिवस होतो. खेचराबद्दल एवढंच सांगतो, त्याच्या चालीत पहिलवानाचा सगळा रुबाब होता आणि व्यायाम खरा होता.

वर पोचल्यावर भिंगरीने आधी टोमॅटोची पिशवी उघडली. निम्मे काप बुरशीने गेले होते. तिने ते सगळेच फेकले, मन घट्ट करून. थेंब त्यांच्यावरच जास्त होते. सफरचंदं मात्र थंडीने सांभाळली होती. एकेक काप हुंगून, मोडून पाहिला, मग पातळ चिरून माझ्यात पसरले. सत्तावन्न. दहा तास मी फुंकत होतो आणि बाहेर वारा माझ्याहून मोठ्याने फुंकत होता. दर दोन तासांनी भिंगरी एक काप वजनकाट्यावर ठेवायची आणि कानामागची पेन्सिल काढायची. हो, तिच्याही कानामागे पेन्सिल आहे. आठ दिवस बरणी हलवली. काच स्वच्छ राहिली, इतकी की पलीकडचा बर्फ दिसावा.

वाट बंद व्हायच्या आधी खालून शेवटचं खेचर आलं. त्यावर मावशींनी पाठवलेलं ताज्या सफरचंदांचं एक पोतं होतं आणि वर कापडी चिठ्ठी. 'सत्तावन्न. दहा तास. घाई नाही. आई.' ती चिठ्ठी भिंगरीने माझ्या दारावर चिकटवली आहे. या क्षणीही ती तिथेच आहे.

आज माझी हालत अशी. एका ताटलीची जाळी खेचराच्या प्रवासात वाकली. काट्यावरचा साठचा आकडा पुसट झाला. केंद्राचे साहेब, मोठे अधिकारी, भिंगरी बाहेर मोजमापाला गेली की गुपचूप माझ्यात ओले हातमोजे घालतात. हातमोज्यांबद्दल मी काही बोलणार नाही, मोज्यांबद्दलही बोललो नव्हतो. नशिबाचं चाक फिरून तिथेच येतं म्हणतात.

आता चौथा महिना. आज डॉक्टरांना वजन कळवायचा दिवस होता, आणि ते झालं की लगेच घरचा फोन. खालचं बोलणं भिंतीला लावलेल्या स्पीकरवर येतं, म्हणजे ऐकणं माझ्यावर आलंच.

"किती?" मावशी.

"साडेचोपन्न. आले तेव्हा त्रेपन्न होते."

"वाढलं?"

"वाढलं, आई."

मग मावशी म्हणाल्या, "बरणी हलवतेस ना रोज?"

"हलवते. आणि तिकडे काय?"

"तुझे बाबा म्हणाले, दार तासून सरळ करून देतो. आता काय, सगळं उघड झालंच आहे. मी म्हटलं, खबरदार हात लावाल तर. पाय कुठे मारायचा मला ठाऊक आहे."

मागून काकांचा आवाज आला, "ऐकलंस? सवय लागली हिला!"

भिंगरी हसली. फोन ठेवून ती उठली, आईच्या त्या पोत्यातली, थंडीने टिकवलेली सफरचंदं काढली आणि चिरायला बसली. हळू, सारख्या जाडीचे काप.

तुमच्या घरी माझ्यासारखा कोणी माळ्यावर पडला असेल, तर खाली काढा एवढंच मागणं आहे. काहीही वाळवून बघा. कलिंगडसुद्धा. रुमाल नकोत. आणि काटा फिरवताना हात जरा आवरा, उरलेलं आम्ही करतो.

चला, तिने दार लावलं. सत्तावन्नवर आणलं. मला दहा तास काम आहे.